एका एमएलमध्ये औषध किती? डोस आणि सलाईनच्या वेगाचं गणित

वॉर्डमध्ये लागणारं औषधांचं गणित शाळेतल्या सातवीच्या पुढे जात नाही. गुणाकार, भागाकार, थोडे अपूर्णांक. तरीही चुका होतात, आणि त्यातल्या बऱ्याच आकडेमोड सुरू व्हायच्या आधीच होऊन गेलेल्या असतात. एमजीचा आकडा एमएल म्हणून वाचला जातो, दिवसाचा डोस एका वेळचा समजला जातो, किंवा हातातली व्हायल (औषधाची छोटी बाटली) नेहमीचीच आहे असं गृहीत धरलं जातं. पुढचं गणित अचूक केलं तरी उत्तर चुकलेलंच राहतं. म्हणून सिरिंज उघडण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: या एका एमएलमध्ये औषध किती आहे? त्याचं उत्तर पक्कं असेल तर उरलेलं सगळं त्याच्यामागून येतं.

खालचे डोस गणित समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्यक्षात डॉक्टरांची ऑर्डर आणि तुमच्या हॉस्पिटलचा प्रोटोकॉल हेच प्रमाण.

लेबल वाचताना

लेबलवर ताकद वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेली असते. जेंटामायसिनच्या अँप्यूलवर (फोडायच्या बंद कुपीवर) '२ एमएलमध्ये ८० एमजी' असतं, म्हणजे एका एमएलमध्ये ४०. लिग्नोकेनवर २ टक्के लिहिलेलं असतं. टक्के म्हणजे १०० एमएलमध्ये तेवढे ग्रॅम, म्हणून १ टक्का म्हणजे एका एमएलमध्ये १० एमजी आणि २ टक्के म्हणजे २० एमजी. याच हिशोबाने ५० टक्के मॅग्नेशियम सल्फेटच्या एका एमएलमध्ये ५०० एमजी येतात, २ एमएलच्या अँप्यूलमध्ये १ ग्रॅम. ॲड्रेनॅलिनचं गुणोत्तर असतं: १:१००० म्हणजे एका एमएलमध्ये १ एमजी, १:१०,००० म्हणजे ०.१ एमजी. दोन्हींत दहापट फरक आहे, आणि घाईच्या वेळी हे शून्य डोळ्यांतून सुटतं.

एका एमएलचा आकडा मिळाला की सूत्र एवढंच:

हवा असलेला डोस ÷ एका एमएलमधलं औषध = किती एमएल घ्यायचं

अमिकासिनची २ एमएलची व्हायल ५०० एमजीची आहे, एका एमएलमध्ये २५०. ऑर्डर ३७५ एमजीची. ३७५ ÷ २५० = १.५ एमएल.

पण भागाकार करण्याआधी अंदाज बांधायचा. ३७५ हे अर्ध्या व्हायलपेक्षा जास्त आणि पूर्ण व्हायलपेक्षा कमी, म्हणजे उत्तर १ आणि २ एमएलच्या मधेच यायला हवं. कॅल्क्युलेटरने १५ किंवा ०.१५ दाखवलं तर बोट कुठेतरी चुकलंय हे लगेच कळतं. दशांश चिन्ह सरकण्याची चूक पकडायला यापेक्षा चांगला उपाय नाही, आणि त्याला दहा सेकंद लागतात. एका डोससाठी दोनापेक्षा जास्त व्हायल किंवा अँप्यूल फोडाव्या लागत असतील तर थांबायचं आणि ऑर्डर पुन्हा वाचायची. कधीकधी ते बरोबरही असतं: ६० किलोच्या रुग्णाला फेनिटॉइनचा २० एमजी प्रति किलो लोडिंग डोस (सुरुवातीचा मोठा डोस) म्हणजे १२०० एमजी, १०० एमजीच्या बारा अँप्यूल. तरी बारा अँप्यूल फोडण्याआधी दुसऱ्या माणसाने ऑर्डर पाहिलेली असावी.

लहान मुलं: किलो, दिवस आणि एक वेळ

मुलांचा डोस वजनावर जातो, म्हणून वजन आजचं आणि काट्यावर मोजलेलं हवं. आईने सांगितलेलं किंवा जुन्या केसपेपरवरचं चालत नाही.

त्यानंतरची जागा म्हणजे 'प्रति दिवस' की 'प्रति डोस'. ८ किलोचं बाळ, अमिकासिन १५ एमजी प्रति किलो प्रति दिवस, दोन भागांत. १५ × ८ = १२० एमजी हे दिवसाचं, म्हणजे एका वेळी ६० एमजी. तेच १२० दोनदा दिलं तर बाळाला दिवसाला दुप्पट औषध जातं, आणि या औषधाचा मार किडनीवर आणि कानांवर आहे.

६० ÷ २५० = ०.२४ एमएल. एवढं बारीक माप ५ एमएलच्या सिरिंजमध्ये घेता येत नाही. एक तर १ एमएलची सिरिंज वापरायची, नाहीतर औषध पातळ करायचं: व्हायलमधलं २ एमएल घ्यायचं आणि नॉर्मल सलाईनने एकूण १० एमएल करायचं. आता १० एमएलमध्ये ५०० एमजी, एका एमएलमध्ये ५०, आणि ६० एमजीसाठी १.२ एमएल. इथे 'एकूण १०' हा शब्द महत्त्वाचा आहे. २ एमएलमध्ये ८ एमएल घालायचं. १० घातलं तर एकूण १२ होतं, एका एमएलमध्ये जेमतेम ४२ एमजी उरतात आणि प्रत्येक डोस कमी पडतो.

पावडरच्या व्हायलमध्ये हीच गोष्ट लपलेली असते. पावडर विरघळली तरी जागा व्यापते. ज्या व्हायलची पावडर ०.६ एमएल जागा घेते तिच्यात १० एमएल पाणी घातलं की १०.६ एमएल तयार होतं. मोठ्या माणसाला पूर्ण व्हायल द्यायची असेल तर काही बिघडत नाही. नवजात बाळाला त्यातला थोडासा भाग द्यायचा असेल तर फरक पडतो. किती पाणी घातल्यावर एका एमएलमध्ये किती औषध येतं हे पाकिटातल्या माहितीपत्रकावर छापलेलं असतं. ते फेकून न देता वाचावं.

शिरेतून द्यायच्या पॅरासिटामॉलचा उल्लेख वेगळा करायलाच हवा. १०० एमएलच्या बाटलीत १ ग्रॅम, म्हणजे एका एमएलमध्ये १० एमजी. ५ किलोच्या बाळाला ७.५ एमजी प्रति किलोप्रमाणे ३७.५ एमजी, म्हणजे ३.७५ एमएल. ऑर्डरमधला ३७.५ हा आकडा एमएल म्हणून वाचला गेला की बाळाला ३७५ एमजी जातात, थेट दहापट, आणि यकृत धोक्यात येतं. ही चूक जगभरात पुन्हा पुन्हा झालेली आहे. म्हणून लहान बाळाला ती बाटली कधीच लटकवायची नाही. लागेल तेवढंच औषध सिरिंजमध्ये काढायचं, आणि ऑर्डरवर एमजी आणि एमएल दोन्ही लिहून घ्यायचे.

इन्सुलिन: ४० आणि १००

आपल्याकडे इन्सुलिनच्या व्हायल बहुतेक ४० युनिट प्रति एमएलच्या असतात आणि पेनमधली कार्ट्रिज १०० ची. सिरिंजही दोन तऱ्हेच्या: लाल टोपणाची ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. जोडी चुकली की डोस चुकतो, कारण सिरिंजवरची रेघ युनिट दाखवत असली तरी प्रत्यक्षात ती एमएलच मोजते.

२० युनिट द्यायचे आहेत. ४० च्या व्हायलमधून १०० ची सिरिंज २० च्या रेघेपर्यंत भरली तर ०.२ एमएल येतं, म्हणजे ८ युनिट. शुगर उतरत नाही आणि सगळे डोस वाढवत बसतात. उलट, पेनच्या कार्ट्रिजमधून ४० च्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढलं तर ०.५ एमएल येतं, म्हणजे ५० युनिट. त्याने माणूस बेशुद्ध होऊ शकतो, दगावूही शकतो. पेन संपलं, बिघडलं, सुई मिळत नाही, कारण काहीही असो, कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन काढायचं नाही.

सिरिंज पंपसाठी (सिरिंजमधलं औषध ठरलेल्या वेगाने सोडणाऱ्या यंत्रासाठी) ५० एमएलमध्ये ५० युनिट रेग्युलर इन्सुलिन घालतात, म्हणजे एका एमएलला १ युनिट. ४० च्या व्हायलमधून ५० युनिट म्हणजे ५० ÷ ४० = १.२५ एमएल, वर ४८.७५ एमएल नॉर्मल सलाईन. कुणी व्हायल १०० ची समजून ०.५ एमएल घातलं तर सिरिंजमध्ये फक्त २० युनिट जातात. शुगर खाली येत नाही, म्हणून रात्रभर पंपचा वेग वाढवला जातो. सकाळच्या पाळीत नवी सिरिंज बरोबर भरली जाते, वेग मात्र रात्रीचाच राहतो, आणि दोन तासांत शुगर कोसळते. म्हणून पाळी बदलताना फक्त 'पंप ६ वर आहे' असं सांगून भागत नाही. सिरिंजमध्ये एका एमएलला किती औषध आहे हेही सांगायचं, आणि सिरिंजवर औषधाचं नाव, एकूण मात्रा, एकूण एमएल, भरल्याची वेळ आणि सही असं लेबल लावायचं.

थेंबांचं गणित

पंप नसेल तर सेटमधले, म्हणजे बाटलीपासून शिरेपर्यंतच्या नळीतले, थेंब मोजायचे. सूत्र:

एकूण एमएल × सेटचे थेंब प्रति एमएल ÷ एकूण मिनिटं = थेंब प्रति मिनिट

साध्या आयव्ही सेटमध्ये बहुतेक वेळा २० थेंबांचा एक एमएल होतो, मायक्रो सेटमध्ये ६० थेंबांचा. १५ चे सेटही मिळतात. आकडा सेटच्या पाकिटावर छापलेला असतो, म्हणून पाकीट फाडून लगेच कचऱ्यात टाकायचं नाही.

५०० एमएल नॉर्मल सलाईन ४ तासांत, २० चा सेट: ५०० × २० ÷ २४० = ४१.६, म्हणजे ४२ थेंब. हाच ४२ चा वेग १५ च्या सेटवर ठेवला तर बाटली तीन तासांतच संपते. हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्या रुग्णाला तो एक तास महागात पडतो.

राउंडच्या वेळी तोंडी करायला सोपी वाट आहे. आधी तासाला किती एमएल ते काढा. मग २० च्या सेटला ३ ने भागा, १५ च्या सेटला ४ ने. मायक्रो सेटला भागायचंच नाही. तासाला जेवढे एमएल, मिनिटाला तेवढेच थेंब. वरच्या उदाहरणात तासाला १२५ एमएल, भागिले ३, पुन्हा ४२. मुलांसाठी हे फार सोयीचं. १४ किलोच्या मुलाचं मेंटेनन्स, म्हणजे रोजच्या गरजेपुरतं सलाईन, काढायचं तर पहिल्या १० किलोला तासाला ४ एमएल प्रति किलो, पुढच्या १० किलोला २ एमएल: ४० + ८ = ४८ एमएल. मायक्रो सेटवर मिनिटाला ४८ थेंब.

सेट बदलल्याने फक्त वेळच नाही, डोसही बदलतो. प्रसूतीच्या कळांसाठी ऑक्सिटोसिनचे २.५ युनिट ५०० एमएलमध्ये घातले की एका एमएलमध्ये ५ मिलियुनिट होतात. २० च्या सेटवर मिनिटाला १० थेंब म्हणजे अर्धा एमएल, २.५ मिलियुनिट. तोच वेग मायक्रो सेटवर हवा असेल तर ३० थेंब लागतात. आता कुणी मायक्रो सेट काढून साधा सेट लावला आणि ३० थेंब तसेच ठेवले, तर मिनिटाला ७.५ मिलियुनिट जातात, तिप्पट. कळा एकावर एक येऊ लागतात, गर्भाशय सैल पडायला वेळ मिळत नाही आणि बाळाचे ठोके घसरतात. ऑर्डर 'इतके थेंब' अशी असेल तर कोणत्या सेटचे, हे विचारल्याशिवाय ती पूर्ण होत नाही.

थेंब मोजताना घड्याळ ड्रिप चेंबरच्या शेजारी धरून पूर्ण मिनिट मोजणं उत्तम. वेग जास्त असेल तर १५ सेकंद मोजून चौपट करा, पण मग एका थेंबाची चूकही चारने वाढते. एकदा लावलेला वेग तसाच राहत नाही. रुग्णाने कोपर वाकवलं, पलंग वर-खाली केला, कॅन्युला (शिरेत ठेवलेली बारीक नळी) शिरेच्या भिंतीला टेकली की थेंब बदलतात. रोलर क्लॅम्पखालची नळी दबून राहते, त्यानेही फरक पडतो. म्हणून लावल्यावर १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, नंतर दर तासाला. बाटलीवर चिकटपट्टी लावून दर तासाची पातळी लिहून ठेवली तर नातेवाइकांनी क्लॅम्प हलवला तरी लगेच दिसतं.

बाटली कधी संपेल?

२० च्या सेटवर मिनिटाला ३० थेंब म्हणजे तासाला ९० एमएल. ५०० ÷ ९० = ५.५५ तास. हे पाच तास पंचावन्न मिनिटं नाहीत. दशांशातला तास ६० ने गुणायचा: ०.५५ × ६० = ३३. म्हणजे पाच तास तेहतीस मिनिटं. सव्वादहाला लावलेली बाटली ३ वाजून ४८ मिनिटांनी संपेल. बावीस मिनिटांच्या या चुकीत बाटली रिकामी होते, कॅन्युलात रक्त गोठतं आणि रुग्णाला नवी सुई टोचावी लागते.

वेगाला वरची मर्यादा असलेली औषधं

काही औषधांत डोस बरोबर असूनही वेग जीव घेतो. पोटॅशियम क्लोराइडचं नाव यात सगळ्यात वर. १५ टक्क्यांच्या १० एमएल अँप्यूलमध्ये एका एमएलला २ मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक), एकूण २०. हे थेट शिरेत पुश केलं तर हृदय थांबतं. साध्या वॉर्डमध्ये, हाताच्या शिरेतून, तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटच्या वर जायचं नाही. ५०० एमएलमध्ये एक अँप्यूल घातली तर ती बाटली कमीत कमी दोन तास चालली पाहिजे. २० च्या सेटवर ८३ थेंब ही कमाल. औषध घातल्यावर बाटली चार-पाच वेळा उलटी-सुलटी करा. पोटॅशियम जड असल्याने तळाशी बसतं, आणि न मिसळता लावलं तर बहुतेक सगळं पहिल्या काही मिनिटांतच जातं. चालू सलाईनमध्ये, बाटली लटकत असताना, ते कधीच घालायचं नाही.

व्हँकोमायसिन मिनिटाला १० एमजीपेक्षा जोरात गेलं तर चेहरा आणि छाती लाल होते, खाज सुटते, बीपी पडतं. १ ग्रॅमला म्हणून १०० मिनिटं. २०० एमएलमध्ये असेल तर मिनिटाला २ एमएल, २० च्या सेटवर ४० थेंब. फेनिटॉइनला मिनिटाला ५० एमजीची मर्यादा, म्हणजे वरच्या १२०० एमजीला निदान २४ मिनिटं, आणि तेही नॉर्मल सलाईनमध्येच. डेक्स्ट्रोजमध्ये त्याचा साका होतो.

झटक्यांच्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेटचे ४ ग्रॅम शिरेतून द्यायचे असतात, पण २० टक्क्यांचं करून. चार अँप्यूल म्हणजे ८ एमएल, त्यात १२ एमएल पातळ करायला; एकूण २० एमएल, सावकाश, किमान ५ मिनिटं घेऊन. कुल्ल्यांत द्यायचे ५-५ ग्रॅम मात्र ५० टक्क्यांचेच, प्रत्येक बाजूला १० एमएल. पुढचा प्रत्येक डोस देण्याआधी गुडघ्याचा झटका येतो का, श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त आहेत का, लघवी तासाला निदान ३० एमएल आहे का, हे पाहायचं. मॅग्नेशियम जास्त झालं तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवायचं.

पंप आणि मायक्रोग्रॅम

आयसीयूमधलं गणित लांब दिसतं, पण पायऱ्या त्याच आहेत. नॉरॲड्रेनॅलिन ०.१ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट, वजन ६० किलो, सिरिंजमध्ये ५० एमएलला ४ एमजी.

एका एमएलमध्ये किती? ४ एमजी म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम; ४००० ÷ ५० = ८०.
मिनिटाला किती? ०.१ × ६० = ६ मायक्रोग्रॅम.
तासाला किती? ६ × ६० = ३६०.
पंपचा वेग? ३६० ÷ ८० = ४.५ एमएल प्रति तास.

इथे दोन वेळा ६० येतो, एकदा वजनाचा, एकदा मिनिटांचा. त्यातला एक विसरणं ही नेहमीची चूक, म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी तो कशाचा आहे ते लिहायचं. दुसरी अडचण लेबलची. काही लेबलांवर बायटार्ट्रेटचं, म्हणजे औषधाच्या क्षाराचं (सॉल्टचं), वजन असतं, काहींवर मूळ औषधाचं. २ एमजी बायटार्ट्रेट म्हणजे १ एमजी नॉरॲड्रेनॅलिन. '४ एमजी बायटार्ट्रेट' वाचून एकच अँप्यूल भरली तर सिरिंज निम्म्या ताकदीची होते.

हेपरिनच्या व्हायल दिसायला जुळ्या असतात: दोन्ही ५ एमएलच्या, एक २५,००० युनिटची, दुसरी ५,००० ची. एका एमएलमध्ये ५,००० आणि १,०००. ५,००० युनिटच्या बोलससाठी (एकदम द्यायच्या डोससाठी) एकीतून १ एमएल, दुसरीतून पूर्ण ५. 'एक व्हायल दे' अशी तोंडी सूचना इथे पाचपट डोस देऊ शकते. या दोन व्हायल एकाच ट्रेमध्ये ठेवू नयेत, आणि युनिटचा आकडा मोठ्याने वाचूनच भराव्यात.

हेपरिन, इन्सुलिन, पोटॅशियम, नॉरॲड्रेनॅलिन आणि मुलांचे डोस यांचा हिशोब दुसऱ्या नर्सने पहिलीचं उत्तर न पाहता करावा. 'साडेचार येतंय ना गं?' असं विचारलं की समोरची हो म्हणते. वजन, डोस आणि लेबल तिच्यापुढे ठेवा आणि तिचा आकडा येऊ द्या. ऑर्डर लिहिताना ०.५ मधलं आधीचं शून्य सोडू नका, नाहीतर .५ चे ५ होतात. ५ च्या पुढे .० लावू नका, नाहीतर ५० वाचले जातात. 'युनिट' पूर्ण लिहा. इंग्रजी यू हे अक्षर घाईत शून्यासारखं दिसतं.

नळीत उरलेलं आणि मागे पडलेलं

१०० एमएलच्या छोट्या बाटलीतून अँटिबायोटिक दिलं की शेवटी साधारण १५ ते २० एमएल नळीतच उरतं. म्हणजे डोसचा जवळजवळ सहावा भाग रुग्णापर्यंत पोचत नाही. मागून नॉर्मल सलाईन त्याच वेगाने चालवून ते आत ढकलायचं, जोराने फ्लश करून नाही. व्हँकोमायसिनच्या बाबतीत तर नाहीच.

ड्रिप मागे पडली, आठ तासांची बाटली पाच तासांनंतरही अर्धी आहे, तर उरलेलं तीन तासांत बसवण्यासाठी आपल्या मनाने वेग वाढवायचा नाही. आधी कारण शोधा: कॅन्युला, कोपर, वाकलेली नळी, सुजलेला हात. मग उरलेले एमएल आणि उरलेला वेळ घेऊन नवा वेग काढा, डॉक्टरांना सांगा, आणि जुना वेग, नवा वेग आणि बदलल्याची वेळ तिन्ही चार्टवर लिहा.